आठ ग्रॅमचे शेजारी

पाऊस ओसरला की माझी मान धरते. दरवर्षीचं आहे हे. पक्षी बघणाऱ्यांच्या जगात या दुखण्याला 'वॉर्बलर नेक' (वॉर्बलर म्हणजे वटवट्या) असं रीतसर नाव आहे, तेव्हा मी एकटी नाही एवढं तरी समाधान. उंच झाडाच्या शेंड्यात, पानाएवढा, पानाच्याच रंगाचा पक्षी हुडकत तासभर वर तोंड करून उभं राहायचं म्हटल्यावर मान कुरकुरणारच. बागेत फिरायला आलेले लोक थबकतात, मी बघतेय तिकडे बघतात आणि पोळं आहे का, साप आहे का, कुणाचं मांजर अडकलंय का, असं विचारतात. "वटवट्या आहे," म्हटलं की चेहरे पडतात आणि पावलं पुन्हा ट्रॅकला लागतात.

त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. हिरवट पर्ण वटवट्या हा वाट वाकडी करून बघावा असा पक्षी नव्हेच. पाठ मळकट हिरवी, पोट मळकट पांढरं, डोळ्यावर फिकट लांब भुवई आणि पंखावर एकच बारीक पांढुरकी पट्टी. पिसं झिजलेली असली तर तीही दिसत नाही. वजन ८ ग्रॅमच्या आसपास. झेरॉक्सचा साधा ए-फोर कागद ५ ग्रॅमचा असतो, म्हणजे हा सगळा ऐवज दीड-पावणेदोन कागदांचा. एवढासा जीव बाल्टिक समुद्रापासून सैबेरियापर्यंत पसरलेल्या जंगलांतून, काही हिमालयातून, निघतो आणि ऑगस्ट सरता सरता किंवा सप्टेंबरात आपल्या शहरातल्या एखाद्या बागेतल्या शिरीषावर किडे टिपायला लागतो. बातमी होत नाही. फ्लेमिंगोंची होते.

दुर्बिणीत एकदा सापडला की मात्र डोळे काढवत नाहीत. स्वस्थ बसणं त्याच्या स्वभावात नाही. या डहाळीवर दोन सेकंद की लगेच दुसरी, आणि दर उडीगणिक पंखांची हलकीशी झटक. पानाच्या वरच्या बाजूत त्याला फारसा रस नसतो. मान वाकडी करून तो पानाच्या पोटाकडे बघतो, कारण मावा आणि अळ्या तिथे दडलेल्या असतात. परवा एक अगदी खालच्या फांदीवर उतरला, इतका की दुर्बीण लावायची गरज उरली नाही. हवं ते पान चोचीच्या टप्प्यात येईना, तेव्हा गडी हवेतच जागच्या जागी फडफडत राहिला, पानाच्या कडेवरून काहीतरी उचललं, डहाळीवर परतला आणि चोच या बाजूने, मग त्या बाजूने सालीवर घासून साफ केली. खालची चोच फिकट नारिंगी असते, हे एरवी वीस मीटरवरून मानूनच घ्यावं लागतं. त्या दिवशी ते लख्ख दिसलं.

गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातला हा, पण आपल्याकडे फारसा गात नाही. गाणं हा विणीच्या हंगामातला कारभार; मादीला बोलवायचं, दुसऱ्या नराला दटावायचं. इकडे आल्यावर कामापुरतं बोलणं. म्हणून या दिवसांत पक्षी बघायचे ते आधी कानांनी. हिरवट वटवट्याचं दोन तुकड्यांतलं 'चिस्-ली'. झुडपाच्या पोटातून दगडावर दगड आपटावा तसं 'टक्... टक्' आलं की तो ब्लिथचा वेळू वटवट्या. सुकी, लांबलेली 'ट्रर्रर्र' म्हणजे लाल छातीचा माशीमार. आणि डोक्यावरून 'चित्-चित्' करत, लाटेसारखा खालीवर होत कुणी गेला तर तो करडा धोबी, जो बहुतेक वेळा या सगळ्यांच्या आधी येऊन दाखल झालेला असतो. हल्ली फोनवरचं मर्लिन ॲप आवाज ऐकून नाव सांगतं. ॲप वाईट नाही, मीही वापरते. पण नाव हाती आलं की माणूस ऐकायचा थांबतो, असं मला वाटतं. आणि रस्त्याच्या कडेच्या बागेत, बसच्या हॉर्नमध्ये, ॲपपेक्षा सवयीचा कान कधीही बरा.

या 'चिस्-ली'मागे काय चाललेलं असतं ते कळलं तेव्हापासून मी या पक्ष्यांकडे निराळ्या नजरेने बघायला लागले. ट्रेव्हर प्राइस आणि मधुसूदन कट्टी या अभ्यासकांनी दक्षिण भारतातल्या जंगलांत या वटवट्याच्या हिवाळी आयुष्याचा बारकाईने पाठपुरावा केला. तिथे दिसलं ते असं, की हा पक्षी हिवाळाभर नुसता भटकत नाही. प्रत्येकाचा स्वतःचा इलाखा असतो, थोड्याशा झाडांचा, आणि तो एकटा त्याची राखण करतो. ते 'चिस्-ली' म्हणजे सातबारा आहे: ही झाडं माझी. आणि पुढच्या वर्षी जिवंत परतला तर तो पुन्हा तिथेच येतो.

आता जरा हिशेब मांडू. सप्टेंबर ते एप्रिल तो इकडे. जाण्यायेण्याचे आठवडे प्रवासात. उत्तरेकडच्या जंगलात घरटं, अंडी, पिल्लं उरकायला उरतात ते उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने. म्हणजे वर्षाचा मोठा वाटा त्याने आपल्या शिरीषावर काढलेला असतो. त्यातही या जातीचे प्रौढ पक्षी पंखांची पिसं इथेच बदलतात, परत निघायच्या आधी, हिवाळ्याच्या उत्तरार्धात. ज्या पंखांनी तो सैबेरिया गाठणार ते पंख आपल्याकडच्या अळ्यांवर वाढलेले असतात. एवढं कळल्यावर त्याला परदेशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

थंडीला भिऊन येतात, असं आपण सहज म्हणतो. थंडी त्यांना बऱ्यापैकी सोसते. पिसांचा कोट चांगला असतो. सोसत नाही ती उपासमार. तिकडे पानं गळली की पानांवरची अळी गेली, अळी गेली की वटवट्या गेला. नेमक्या त्याच सुमाराला आपल्याकडे मान्सून झाडापेडांवर कीटकांची रेलचेल करून माघारी निघालेला असतो. ऑक्टोबर हीटने आपण हैराण होतो आणि त्यांचं पोट भरतं.

वाटेचं गणित मात्र इतकं सरळ नाही. लाल छातीचा माशीमार घ्या. पूर्व युरोपातल्या जंगलांत वीण करणारा हा चिमुकला शरदात आग्नेयेला वळतो आणि भारतीय उपखंडात येतो. त्याच जंगलात शेजारी घरटं बांधणारे बाकीचे बरेच प्रवासी पक्षी आफ्रिकेला जातात. ब्लिथचा वेळू वटवट्या विसाव्या शतकात पश्चिमेकडे सरकत सरकत फिनलंडमध्ये पसरला, तरी हिवाळ्यासाठी येतो इकडेच. याचं पटण्यासारखं कारण असं देतात की या जातींचे पूर्वज आशियातून पश्चिमेला पसरले, आणि जाताना ज्या वाटेने गेले त्याच जुन्या वाटेने वंशज दरवर्षी परततात. जवळचा रस्ता असेल दुसरा. घराण्याचा रस्ता हा आहे.

रस्ता म्हणजे रात्रीचा. हे छोटे पक्षी बहुतेक अंतर रात्री कापतात. हवा थंड आणि शांत, शिकाऱ्यांचा त्रास कमी, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा. १९६०च्या दशकात स्टीफन एमलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने निळ्या बंटिंग पक्ष्यांना तारांगणात ठेवून, छतावरचे तारे फिरवून दाखवून दिलं की ते ध्रुवाभोवतीच्या ताऱ्यांवरून दिशा धरतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही त्यांना जाणवतं, मावळतीचा प्रकाशही उपयोगी पडतो. पण मला यातला सगळ्यात विलक्षण वाटतो तो पेरडेक या डच संशोधकाचा प्रयोग, १९५८ साली प्रसिद्ध झालेला. त्याने हॉलंडमधून जाणाऱ्या ११ हजारांहून जास्त युरोपीय साळुंक्या पकडल्या, पायात ओळखीची कडी घातली आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. ज्यांनी हा प्रवास आधी केला होता त्या प्रौढ पक्ष्यांनी गफलत ओळखली आणि दिशा बदलून नेहमीच्या हिवाळी मुलखाकडे कूच केलं. पहिल्यांदाच निघालेली त्याच वर्षीची पिल्लं मात्र जन्मजात दिशेने, जणू अजून हॉलंडमध्येच आहोत अशी, सरळ उडत राहिली आणि स्पेन-दक्षिण फ्रान्सकडे पोचली.

शिरीषाखाली उभं राहून हा प्रयोग आठवतो तेव्हा वरच्या त्या टिंबांमध्ये दोन तऱ्हा दिसायला लागतात. एक, या वर्षी जन्मलेला, ज्याला कुणी वाट दाखवलेली नाही. रक्तात आली ती दिशा धरून तो येतो आणि जिथे हिरवं दिसेल तिथे टेकतो. त्याला आपली बाग योगायोगाने लाभते. दुसरा, आधी येऊन गेलेला. त्याला दिशा तर ठाऊक आहेच, जागाही ठाऊक आहे. या शहरातली ही बाग, बागेतलं हे झाड. मधल्या काळात ते झाड तुटलं असेल तर त्याने काय करावं? जंगलात एक झाड पडलं तर शेजारची शंभर असतात. शहरात हिरवं संपलं की पुढे काँक्रीटच, आणि जो काही हिरवा तुकडा उरला तिथे दुसऱ्या कुणाचा सातबारा आधीच लागलेला. एक झाड तोडून त्याबदल्यात शहराबाहेर दहा रोपं लावतो असं सांगणाऱ्यांचं गणित या पक्ष्याच्या हिशेबात कसं बसवायचं, मला समजत नाही.

बागांचंही तसंच. बाग म्हटली की हिरवळ, फरशी, कारंजं आणि सारख्या उंचीची छाटलेली कुंपणं, अशी आपली समजूत झालीय. पक्ष्यांना बाग मजल्यांची लागते. वरचा मजला हिरवट वटवट्याचा: मोठी, जुनी, भरगच्च झाडं. मधला माशीमाराचा: उघड्या फांद्या, जिथून किड्यावर झेप घेता येते. तो शेपटी वारंवार वर उचलतो आणि मुळाशी दोन पांढरे चट्टे चमकतात. ही खूण पक्की, कारण लाल कंठ फक्त प्रौढ नराचा आणि बागेत येणारे बरेचसे माशीमार तपकिरी-पांढरेच असतात. तळमजल्यावर ब्लिथचा वटवट्या: गचपण, वेली, गुंतागुंत. हा तर घाणेरीच्या जाळीतसुद्धा आनंदाने राहतो. घाणेरी बाहेरून आलेलं आक्रमक झुडूप, तिचं कौतुक मी करणार नाही. पण सुशोभीकरणात सगळीच झुडपं काढली जातात तेव्हा 'टक्... टक्' बंद होतं, हेही खरं. आणि तळघर म्हणजे पालापाचोळा, जिथे कस्तूर पानं उलटीपालटी करत किडे शोधतो. आपण तो पाचोळा झाडून, ढीग करून, पेटवून देतो. धुराने आपल्याला खोकला, त्याला उपास.

बघायची वेळ कोणती, असं मला विचारतात. उजाडल्यानंतरचे पहिले दोन तास. रात्रभर उडून आलेले भुकेले असतात, तेव्हा बुजरेपणा बाजूला ठेवून खातात. आधी चष्मेवाले, शिंपी, सुभग, नाचरे अशा इथल्याच पक्ष्यांचा कालवा ऐकायचा. हे मिश्र थवे हिंडत असले की नवखा वटवट्या हमखास त्यात मिसळलेला असतो. पुष्कळ डोळे म्हणजे शिक्रा लवकर दिसणार, साधा हिशेब. थवा गेला की झाड रिकामं. मग उगाच उभं राहू नये, थव्यामागे जावं.

शहरांनी या प्रवाशांसाठी आणखी दोन संकटं उभी केली आहेत: उजेड आणि काच. शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या प्रचंड इमारतीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्री-सकाळीत जवळपास हजार पक्षी आपटून मेले. दिवे लागलेले, काचा गुळगुळीत आणि त्याच रात्री आकाशात स्थलांतराचा लोंढा. पुढच्या वर्षी त्या काचांवर ठिपक्यांची फिल्म चिकटवली आणि मृत्यू झपाट्याने घटले. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात दोन प्रकाशझोत सोडतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वेगवेगळ्या वर्षांतल्या सात रात्रींत मिळून सुमारे ११ लाख पक्षी त्या झोतांच्या प्रभावाखाली आले होते. आता पक्ष्यांची गर्दी झाली की ते दिवे थोडा वेळ मालवतात आणि पक्षी काही मिनिटांत पांगतात. उपाय इतका सोपा असावा याचाच राग येतो. आसामच्या जतिंगाचं नाव या संदर्भात नेहमी घेतात. तिथे धुक्याच्या, अंधाऱ्या रात्री पक्षी उजेडाकडे खेचले जातात. पण ते मुख्यतः तिथलेच रहिवासी पक्षी असतात, लांबचे प्रवासी नव्हेत. गोष्ट वेगळी आहे, पण उजेडाने पक्ष्याचं भान हरपतं हे दोन्हीकडे सारखंच.

आपल्याकडे याचा प्रत्यय नवरंग देतो. काटेकोरपणे बोलायचं तर तो गायक पक्ष्यांच्या उपगणातला नाही, पण शरदातल्या प्रवाशांत त्याला वगळणं अशक्य. दक्षिणेकडे जाताना तो शहरावरून रात्री उडतो आणि सकाळी कुणाच्या तरी बाल्कनीत थकून किंवा काचेवर आपटून बसलेला सापडतो. मग फोन येतात: "पोपटासारखा आहे पण पोपट नाही, शेपूट नाहीच जवळपास, काय करू?" काही करू नका. छिद्रं पाडलेल्या खोक्यात अलगद ठेवा, अंधार आणि शांतता द्या. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. मुलांना दाखवायचा मोह आवरा. तास-दोन तासांत तरतरीत झाला तर झाडंझुडपं असतील अशा जागी सोडा. पंख लोंबत असेल तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. बहुतेक जण हे नीट करतात. फोटो काढल्याशिवाय मात्र कुणालाच राहवत नाही, आणि तेवढं मी माफ करते.

फोटोवरून आठवलं. मोठमोठ्या लेन्सा घेऊन येणारी मंडळी वटवट्याकडे ढुंकून बघत नाहीत. स्वर्गीय नर्तक आला की पन्नास ट्रायपॉड, आणि त्याच झाडावर बाल्टिकहून आलेला पाहुणा दुर्लक्षित. त्याला 'एलबीजे' म्हणून सोडून देतात, म्हणजे कुठलातरी छोटा तपकिरी. माझा आग्रह आहे की नोंद याचीच करावी. भारतात २००७ साली मायग्रंटवॉच हा उपक्रम सुरू झाला तो याच साध्या कामासाठी: हिवाळी पक्षी तुमच्याकडे पहिल्यांदा कधी दिसला, एवढं कळवा. आता अशा नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर होतात. २०२३च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, त्यातल्या १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं निघालं, आणि तो सगळा डोलारा ३० हजारांहून जास्त हौशी लोकांच्या नोंदींवर उभा होता. त्यात दुर्मिळ पक्ष्याच्या एका फोटोपेक्षा 'आजही वटवट्या, त्याच झाडावर' अशा कंटाळवाण्या ओळींचं मोल जास्त.

फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या कंटाळ्याचं बक्षीस मिळतं. कधीकधी वटवट्या गाऊन जातो. घाईघाईचं, किणकिणतं, अर्धवट गाणं. गायकाचा रियाज चाललाय पण दार लोटून घेतलंय, तसं. या गाण्यामागे एक जबरदस्त गोष्ट आहे. हिरवट वटवट्याच्या उपजाती तिबेटच्या पठाराला वळसा घालून हातातल्या कड्यासारख्या पसरल्या आहेत. हिमालयापासून पश्चिमेने वर जा किंवा पूर्वेने वर जा, शेजारची वस्ती शेजारच्या वस्तीसारखीच, गाणंही थोडंथोडंच बदलत जातं. पण कड्याची दोन टोकं मध्य सैबेरियात पुन्हा भेटतात, तिथे पश्चिमेकडचा पक्षी पूर्वेकडच्याचं गाणं आपलं म्हणून ओळखत नाही आणि त्यांचं सहसा जुळत नाही. आयर्विन, बेन्श आणि प्राइस यांनी २००१ मध्ये याची जनुकीय बाजूही तपासली. आपल्याकडे बहुतांशी पश्चिमेच्या टोकाकडचे येतात.

हे सगळं मी बागेच्या माळीमामांना एकदा सविस्तर सांगितलं, कारण मार्च लागला की तिथे छाटणीची धांदल उडते आणि मला त्यांच्याकडून मुदत हवी होती. पिसं बदलणं, चरबी साठवणं, निघायची तयारी, सगळं नेमकं तेव्हाच चालू असतं. एप्रिलचा मध्य उलटू दे, मग काय ते कापा, असं माझं म्हणणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली.

"मॅडम, बिलं मार्चात निघतात," ते म्हणाले. "पाखरांनाच सांगा जरा लवकर निघायला."

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की मागच्या भिंतीलगतची झुडपं आणि शिरीष सगळ्यात शेवटी घ्यायचा. म्हणजे तीस मार्चला.